मान किती मागे न्यायची

माझ्या कामात फारसं बोलावं लागत नाही, म्हणूनच बहुधा मी ते निवडलं. सर्जन पेशंटशी बोलतो, नातेवाइकांना समजावतो, त्यांचे नमस्कार घेतो. मी भूल देणारी. फोन आला की जाते, बॅग उघडते, माणसाला झोपवते, जागं करते आणि पुढच्या गावाला निघते. शहादा, तळोदा, नवापूर, विसरवाडी, ज्या दवाखान्यात ऑपरेशन असेल तिथे. पेशंटना माझा चेहरा आठवत नाही. त्यांनी मला पाहिलेलं असतं ते डोक्याच्या बाजूने, उलटं, तोंडावर मास्क धरलेली बाई म्हणून.

एका माणसाला मात्र मी नीट आठवते. त्याच्याबद्दल मी आजवर कुणाला सांगितलं नाही. घरीही नाही.

आधी कामाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पूर्ण भूल देताना आम्ही स्नायू सैल करायचं औषध देतो. ते गेलं की छाती हलायची थांबते. मग श्वासनळीत नळी घालून माणसाचा श्वास आपण घ्यायचा. नळी घालायची तर घशाच्या आतलं दार दिसायला हवं, आणि ते दिसण्यासाठी डोकं मागे कलतं करून, जीभ पात्याने उचलून आत बघायचं. बहुतेकांची मान हे सहन करते. ज्याच्या मानेचे मणके झिजलेत, सरकलेत, ज्याच्या मज्जारज्जूला आत जागाच उरलेली नाही, त्याची करत नाही. जागेपणी माणूस आपली मान आपणच सांभाळतो. दुखलं की थांबतो. झोपेत ते थांबणं माझ्याकडे येतं.

तो माणूस धडगावच्या वरच्या एका पाड्यावरचा. बायकोसकट टोळीबरोबर खाली यायचा, तापीकाठच्या केळीच्या बागांत. आमच्याकडे केळीचा घड कापला की तो डोक्यावर चुंबळ ठेवून, चिखलाच्या सऱ्यांमधून ट्रकपर्यंत न्यायचा असतो. मी त्याच भागातली. शाळेतून येताना बांधावर उभी राहून मी या टोळ्या पाहिल्या आहेत. घड डोक्यावर असताना ही माणसं मान जराही वळवत नाहीत, हाक मारली तर सगळं अंगच वळवतात. म्हणजे अशा माणसाच्या मानेचं काय होत असेल, हे कळायला मला डॉक्टर व्हायचीही गरज नव्हती.

दुपारी त्याच्या ऑपरेशनसाठी शहाद्याच्या दवाखान्यातून फोन आला. सर्जन माझ्यापेक्षा वयाने मोठे, गप्पिष्ट, हाताचे चांगले. मी पोचले तेव्हा ते हात धुवायच्या तयारीतच होते.

"या मॅडम. जठर फुटलंय. दोन वर्षं मान दुखते म्हणून दुकानातून गोळ्या आणून खातोय पठ्ठ्या. मानेच्या औषधाने पोटाला भोक पाडलं."

म्हणजे मानेचं त्यांनीच मला सांगितलं होतं. कुणी काही लपवलं नव्हतं.

पेशंट टेबलावर होता. चाळिशीच्या अलीकडचा, वाळलेला, पोट लाकडासारखं घट्ट. मी नेहमीसारखं म्हटलं, तोंड उघड. उघडलं. जीभ काढ. काढली. छताकडे बघ. त्याने बघितलं, अगदी पार मागेपर्यंत. डोंगरावरची माणसं दवाखान्यात असंच करतात. डॉक्टरने सांगितलं म्हणजे करायचं, दुखलं तरी. 'जेवढी जाते तेवढीच ने' असं त्याला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "छान."

मग तो म्हणाला, "हातमा करंट लागस."

"कधी?"

"वर देखस तव्हय."

घरात तो पावरी बोलणारा, माझ्याशी बोलायला बागेत शिकलेली अहिराणी वापरत होता. न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं, अहिराणी तर माझ्या घरची भाषा. वर बघितलं की दोन्ही हातांत करंट लागतो, याचा अर्थ मान मागे गेली की आत मज्जारज्जू चिमटतो. परीक्षेला हे मी लिहिलं होतं. अशा माणसाची मान सरळ ठेवायची. एकाने दोन्ही बाजूंनी डोकं धरून ठेवायचं. कॅमेऱ्याचं पातं वापरायचं, म्हणजे मान न वाकवता आतलं दिसतं. फारच अवघड असेल तर घसा बधिर करून, माणूस जागा असतानाच नळी घालायची, तो स्वतः हातपाय हलवून दाखवेपर्यंत झोपवायचं नाही.

कॅमेऱ्याचं पातं माझ्याकडे होतं. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली गाडी उभी होती, तिच्या डिकीत. आणायला फार तर पाच मिनिटं लागली असती. पोट फुटलेल्या माणसाला पाच मिनिटांनी काही होत नाही. मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले की घाई होती, पोट भरलेलं होतं, उलटी छातीत जायची भीती होती. ती भीती खरी होती. पण मी डिकीपर्यंत गेले नाही ते त्या भीतीमुळे नाही.

त्याआधी एकदा मी ते पातं याच सर्जनसमोर काढलं होतं. ते म्हणाले होते, "आता आमच्या मॅडमना चष्मा लागला वाटतं." सिस्टर हसल्या, वॉर्डबॉय हसला, मीही हसले. सगळ्या तालुक्यात माझं नाव होतं की ही बाई एका झटक्यात नळी घालते. न बोलणाऱ्या माणसाला असं नाव फार लागतं, त्याच्याकडे दुसरं काही नसतं. त्या दिवसानंतर त्यांच्या ऑपरेशनला ते पातं मी गाडीतच ठेवत होते.

झोपवलं. छाती थांबली. पातं घातलं, तर आत नुसतं वरचं झाकण दिसत होतं, दार दिसत नव्हतं. डोकं थोडं मागे घेतलं. तरी नाही. मॉनिटरचा आवाज खाली उतरायला लागला. ऑक्सिजन कमी होत जातो तसा तो आवाज जाडा होतो. सिस्टर डोकं धरायला मोकळ्या होत्या, मी त्यांना बोलावलं नाही. मी डोकं आणखी मागे नेलं. आणखी. पात्यावर जोर दिला. दार दिसलं आणि नळी गेली.

"बघा," सर्जन म्हणाले, "डोळे मिटून घालतात आमच्या मॅडम."

मला बरं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो, पण वाटलं होतं.

पुष्कळ जण समजतात की अशा वेळी काहीतरी कटकन वाजत असेल, हाताला जाणवत असेल. तसं काही झालं नाही. एका माणसाचे हात गेले आणि मला काहीच कळलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. मी विसरवाडीला दुसऱ्या केसला गेले.

दुसऱ्या दिवशी सर्जनचा फोन आला. "तो केळीवाला हात हलत नाहीत म्हणतोय. पाय ठीक आहेत. जरा येऊन जा."

मी गेले. तो उताणा पडला होता, हात अंगाच्या बाजूला कुणी आणून ठेवल्यासारखे. मी म्हटलं, माझं बोट दाब. बोटं जेमतेम हलली. हातांची आग होते म्हणाला. पाय त्याने झटकन उचलून दाखवले. झिजलेली मान जोराने मागे गेली की असंच होतं. मज्जारज्जूच्या मधल्या भागाला मार बसतो, हात जातात, पाय राहतात. मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

बायको उशाशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग सर्जनकडे, कारण बोलणारे ते होते.

सर्जन म्हणाले, "टेबलवर हात बांधलेले होते, नस दबली असेल. काय मॅडम?"

मी म्हटलं, "हो. तसंच असेल."

त्यांना खरंच तसं वाटत होतं की त्यांनी मला वाट करून दिली, हे मी कधी विचारलं नाही.

खोलीबाहेरच्या कपाटात मानेचा पट्टा होता. तो बांधायला हवा होता. त्याला त्याच दिवशी धुळ्याला किंवा सुरतेला पाठवायला हवं होतं, मानेचा एमआरआय काढायला, मेंदू-मणक्याच्या सर्जनला दाखवायला. कदाचित थोडा उपयोग झाला असता. पण हाताची नस दबलेल्या माणसाला मानेचा पट्टा कोण बांधतं? पट्टा बांधला की मला माहीत होतं हे उघड झालं. मी कपाटापाशी उभी राहिले आणि परत आले.

"येतील का हात?" त्याने विचारलं.

"येतील."

"केळी उचलता येतील?"

"येतील. थोडे दिवस लागतील."

टाके काढून तो आपल्या पायांनी चालत गेला. बायकोच्या डोक्यावर गाठोडं, मागून हा, हात लोंबत. पायरीवर थांबून त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. जीव वाचला होता, सगळे खूश होते.

पुढचे दिवस नेहमीसारखेच गेले. खंत करणारा माणूस जेवत नाही, झोपत नाही असं म्हणतात. मी जेवत होते, झोपत होते. मुलीचं लग्न झालं. फरक पडला तो एवढाच, की कॅमेऱ्याचं पातं आता मी पहिल्यापासून हातात घेते आणि कुणी हसलं तरी बघत नाही. त्याला त्याचा काय उपयोग.

तो मला पुन्हा दिसला विसरवाडीला. दिवाळी नुकतीच झाली होती. डोंगरातल्या टोळ्या गुजरातेत ऊसतोडीला निघतात ते दिवस. हमरस्त्यावर चहाच्या टपरीपाशी एक पिकअप उभी होती, भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं. मी केस आटोपून चहाला थांबले होते. बाकावर एक माणूस ग्लास तसाच ठेवून, वाकून, तोंड लावून चहा पीत होता.

मुकादम म्हणाला, "देख, बैल पाणी पी ऱ्हायना."

"याले हात सोडीसन सगळं शे," दुसरा म्हणाला. "पाय शे, तोंड शे, भूक त दोन माणसांनी."

"हात सासरी ठेवी उना."

त्यावर बायको त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "सासरी व्हतात त मन्हा बापनी कव्हयच विकी टाकात."

सगळे हसले. तोही हसला, हनुवटीवर चहा. मग त्याला मी दिसले आणि तो उठून माझ्याकडे आला.

"हाई डॉक्टरीण शे," तो टोळीला म्हणाला. "हिनीच माले झोपाडं व्हतं." आणि मला म्हणाला, "बाई, तू सांग यासले. मी ढोंग करस का?"

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं त्याच्यावर काय गुदरतंय. पाय चालतात, अंगावर जखम नाही, पोटाचा व्रण तेवढा. शिवाय अशा दुखण्यात हात पूर्ण मरत नाहीत. एखाद्या दिवशी बिडी धरतो, एखाद्या दिवशी घास सुटतो, थंडीत तर काहीच नाही. ज्याने सकाळी बिडी धरली तो दुपारी कोयता धरत नाही म्हटल्यावर लोक काय समजणार? त्याला पैसे नको होते, औषध नको होतं. हा माणूस खोटं बोलत नाही, एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि ते सांगू शकणारी मी एकटीच होते.

सगळे माझ्याकडे बघत होते.

"ऑपरेशननंतर कधी कधी येते अशी कमजोरी," मी म्हटलं.

"कमजोरी त माले बी शे," मुकादम म्हणाला. "सकाळले उठाले."

पुन्हा हसले. मी गाडीत जाऊन बसले. आरशात तो तसाच उभा दिसत होता.

त्यानंतर मला माझा आवाज ऐकवेना. "कधी कधी येते अशी कमजोरी." घरात, गाडीत, ऑपरेशनच्या टेबलाशी. एकदा सर्जनशी विषय काढला, तर ते म्हणाले, "मॅडम, कशाला उकरता? जीव वाचवला आपण त्याचा." तेही खोटं नव्हतं.

होळीला टोळ्या डोंगरात परततात. परमुलखात कुठेही असोत, होळीला घरी. म्हणून होळीच्या आधी मी गेले. दवाखान्यातल्या एका वॉर्डबॉयला तो पाडा माहीत होता, त्याने वाट सांगितली. रस्ता संपला तिथे गाडी लावून चढले. कुडाचं घर, पुढे अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली. बायको झाडत होती. तो ओट्यावर बसला होता. त्याने तोंडभर हसून 'ये' म्हटलं. बायकोने खाट ओढली.

मी बसले आणि बोलले. जन्मात एका दमात इतकं बोलले नसेन. तू मला सांगितलं होतंस, हातात करंट लागतो. मी ऐकलं होतं. मानेत दोरीसारखी एक शीर असते, ती हातांना हुकूम देते. तुझी मान ओझ्यानं झिजली होती. तू झोपलेला असताना मी ती नको इतकी मागे नेली आणि ती दोरी चिमटली. दुसऱ्या दिवशी मला कळलं होतं. मी बोलले नाही. हा ढोंग करत नाही. याचे हात मी घालवले.

 कोंबडी फुलांवर आली, बायकोने हुसकली.

"मंग येतीन का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "नाही."

त्याने मान हलवली, जशी त्या दिवशी पायरीवर हलवली होती. मी म्हटलं, मी तुला धुळ्याला नेते, मानेचा फोटो काढू, त्यात सगळं दिसेल, मग कुणी तुला खोटा म्हणणार नाही.

बायकोने विचारलं, "फोटो काढीसन हात येतीन?"

"नाही. पण कळेल."

ती झाडू टेकवून माझ्यासमोर बसली. रागावलेली नव्हती. बागेतल्या बायका एकमेकींशी बोलतात तशी बोलायला लागली, अर्धं तिच्या भाषेत, अर्धं माझ्या. म्हणाली, तू चांगल्या मनाची दिसतेस. तुला याची दया आली. मलाही पहिल्या वर्षी अशीच यायची, मी याला घास भरवायचे. मग एक दिवस मी लाकडाची मोळी घेऊन आले तर हा बिडी ओढत होता. हातात धरून.

"असंच असतं ते," मी म्हटलं. "कधी धरता येतं, कधी नाही. हेच त्याचं दुखणं आहे."

"हे कसं दुखणं? मी नसते तेव्हा बरं होतं, तू आलीस की परत येतं?"

मी पुन्हा समजावलं. थंडी, थकवा, अर्धवट जुळलेली शीर. जितकं समजावत गेले तितकं ते माझ्याच कानाला खोटं वाटायला लागलं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तव्हय तू सांगं व्हतं, येतीन. आते सांगस, नही येतीन. तव्हय बी तू डॉक्टरच व्हती."



मग तिने घरातून पाण्याचा लोटा आणला. मला दिला नाही, त्याच्या हातात दिला. "दे पाहुणीले."

त्याने दोन्ही तळव्यांत लोटा धरला. धरला होता, हे मी पाहिलं. उठला, दोन पावलं आला, बोटं उघडत गेली आणि लोटा माझ्या पायांवर पडला.

"बघितलंस," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता. तिने लोटा उचलला, आत जाऊन भरून आणला आणि स्वतः माझ्या हातात दिला. मी प्यायले. ती पुन्हा झाडायला लागली. दोघांचं काम तिला एकटीला करायचं असतं. नवरा ढोंगी आहे असं मानलं की राग येतो, आणि रागाच्या जोरावर एवढं काम ओढता येतं. नवरा पांगळा आहे असं मानलं तर तिच्यापाशी काय उरणार होतं? हे मी परतीच्या वाटेवर ठरवलेलं तिचं मन. ते खरं असेलच असं नाही. कदाचित तिने माझ्यावर फक्त विश्वास ठेवला नाही, आणि ते बरोबर होतं.

पाहुण्याला वाटेपर्यंत सोडायचं म्हणून तो माझ्याबरोबर खाली आला. उतारावर तो माझ्यापेक्षा सराईत चालत होता. हातांनी तोल न सावरता चालायला तो शिकला होता. मी काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, मी मुकादमालाही सांगेन, पाड्यावरच्या मोठ्या माणसांनाही सांगेन.

"राहू दे," तो म्हणाला.

गाडीपाशी आल्यावर मी दार उघडलं. तो थोडा बाजूला उभा राहिला. आता मला जरा बरं वाटत असेल का, असं त्याने विचारलं. त्याच्या विचारण्यात वाकडं काही नव्हतं. मी म्हटलं, नाही.

"माले बी नही," तो म्हणाला. मग त्याने जे सांगितलं ते त्याच्या बोलीत मला जसंच्या तसं लिहिता येणार नाही. रोज सकाळी तो उठण्याआधी गोधडीत हातांना सांगायचा, उठा. डॉक्टरीण म्हणाली होती येतील, म्हणून सांगायचा. बायको म्हणते तसं आपणच मनापासून सांगत नसू, असंही त्याला कधी वाटायचं, मग तो पुन्हा जोर लावून सांगायचा. उद्यापासून काय करायचं, ते त्याला कळत नव्हतं.

 त्याने खांद्याने गाडीचं दार माझ्यासाठी लोटून धरलं, मी बसल्यावर खांद्यानेच लावलं आणि तो चढायला लागला.